लातूरच्या त्या सँडविचची चव घरी कशी आणायची

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. लातूरला शिकायला राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. २००१ ते २००३ ही दोन वर्षं मी अकरावी-बारावीसाठी उदगीरहून लातूरला आले होते, ट्यूशन एरियात दोघी मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहायची. रविवारी सकाळी टेस्ट, दुपारी मेसचं जेवण आणि सोबत एखादं गोड, आणि संध्याकाळी काहीच नाही. त्या रिकाम्या संध्याकाळी आम्ही ज्या दुकानात जायचो, तिथल्या सँडविचबद्दल हे लिहिते आहे.

दुकानाचं नाव लिहीत नाही. ज्यांचं होतं त्यांच्या घरी जाऊन मी विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलं, तो विषय तिथंच संपला. आम्ही पोरी त्याला 'लाल पाटी' म्हणायचो, इथंही तेच म्हणते. चार दुकानं होती त्यांची: लातुरात दोन, नांदेडला एक, उदगीरला एक. चारही ठिकाणी पाटी तीच, बाकडी तीच आणि चवही तीच. आधी उदगीरचं बंद झालं, मग नांदेडचं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाणी संपलं, पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तेव्हा मी पुण्यात होते, मोबाइलवर त्या गाडीचे फोटो बघत होते. त्याच दिवसांत लाल पाटीच्या शटरवर 'पाण्याअभावी काही दिवस बंद' असा कागद लागला. तो कागद फाटून गेला, शटर काही उघडलं नाही.

२०१९ मध्ये मी लातूरला परत राहायला आले आणि तेव्हापासून ते सँडविच घरी करायचा प्रयत्न करते आहे. आता बरंच जमलंय. ज्यांच्या गावातलं असं एखादं दुकान बंद पडलंय, त्यांना ही पद्धत उपयोगी पडेल. पदार्थ कुठलाही असो, शोधायची रीत तीच आहे.

आधी सँडविच कसं होतं ते सांगते. टोस्ट सँडविच, किंमत बारा रुपये. आत आलू, कांदा, हिरवी चटणी आणि शेंगादाण्याची लाल चटणी. मुंबईच्या सँडविचमध्ये बीट, काकडी, टोमॅटो, वरून मसाला असतो, इथं त्यातलं काही नव्हतं. चीज हवं असेल तर अठरा रुपये, ते आम्हाला परवडायचं नाही आणि खरं सांगायचं तर त्या चटणीवर चीज शोभतही नव्हतं. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यावर चार त्रिकोण आणि बाजूला मिठात परतलेली एक हिरवी मिरची. बस्स.

जुनी चव आधी वहीत उतरवा

पहिली गोष्ट, स्वयंपाकघरात जाऊ नका. वही घेऊन बसा. एकदा का तुम्ही घरी काहीतरी करून खाल्लंत, की ती नवी चव जुन्या चवीवर बसते आणि मग कुठली कोणती ते कळत नाही. मी हीच चूक केली. पहिल्याच आठवड्यात उत्साहानं तीनदा सँडविच केलं, नेहमीची लिंबू पिळलेली चटणी घालून, आणि महिनाभर मला वाटत राहिलं की लाल पाटीची चटणीही थोडी लिंबाचीच होती. नव्हती.

दुसरं, 'चव कशी होती' हा प्रश्न स्वतःला विचारू नका. त्याचं उत्तर 'मस्त होती' एवढंच येतं. हाताला काय लागायचं ते विचारा. चावताना आवाज कधी यायचा, पहिल्या घासाला की कडेला आल्यावर? कागदावर डाग कसा पडायचा, तेलाचा की पाण्याचा? कपड्यावर सांडलं तर रंग कुठला? खाऊन झाल्यावर दातात काय अडकायचं? पाणी लगेच प्यावं वाटायचं की थांबून? जिभेला चव नीट सांगता येत नाही, पण बोटांना, कानांना, ओढणीवरच्या डागाला बरंच आठवत असतं.

माझ्या वहीत पहिल्या दिवशी सहा ओळी आल्या. त्यातल्या दोन फार मोलाच्या ठरल्या. एक: 'आलूच्या चकतीला पिवळी कड, मध्ये पांढरं.' दोन: 'ओढणीवरचा डाग हिरवा नाही, शेवाळी.' तेव्हा या दोन्हींचा अर्थ मला लागला नव्हता. तरी लिहून ठेवलं, आणि तुम्हीही अर्थ लागो न लागो, लिहून ठेवा.

मग माणसांना विचारा, पण एकेकट्याला

त्या खोलीतली एक मैत्रीण आता नांदेडला आहे, दुसरी पुण्यात. दोघींना एकत्र फोन केला असता तर पहिली जे म्हणाली त्याला दुसरीनं 'हो गं, हो गं' म्हटलं असतं. म्हणून वेगवेगळे फोन केले, वेगवेगळ्या दिवशी, तेच प्रश्न घेऊन. नांदेडच्या मैत्रिणीला चटणी आठवत नव्हती, पण कांदा आठवत होता: 'कच्चा असूनही झोंबायचा नाही.' पुण्याची मैत्रीण म्हणाली, 'चटणीत रेषा लागायच्या. मला वाटायचं कोथिंबिरीचे देठ नीट वाटले नाहीत.' मी फोन ठेवला आणि वहीत 'रेषा' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. वाटलेल्या देठाचा चोथा लागतो, रेष नाही. रेष चिंचेची असते.

दोघींची उत्तरं जिथं जुळतात ते पक्कं धरा. जिथं जुळत नाहीत तिथं भांडू नका, दोन्ही लिहा. लाल पाटीची दोन दुकानं लातुरातच होती आणि आम्ही कधी या दुकानात जायचो, कधी त्या. फरक तिथलाही असू शकतो.

जिथं काम व्हायचं तिथली माणसं

मालक सापडले नाहीत तरी हरकत नाही. चव घडवणारे हात बरेचदा दुसरेच असतात. ब्रेड कुठल्या बेकरीतून यायचा, दाणे-मिरची गंजगोलाईतल्या कुठल्या दुकानातून जायची, हे जुन्या लोकांना ठाऊक असतं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मी त्यातल्या चार रस्त्यांवर विचारत फिरले आणि पाचव्यावर एका मसाल्याच्या दुकानदारानं सांगितलं, 'त्यांचा एक माणूस औसा रोडला पोह्याचा गाडा लावतो.'

सकाळी साडेसातला गेले. पोहे घेतले, खाल्ले, मग विचारलं, 'काका, तुम्ही लाल पाटीला होतात ना?' त्यांनी उलथनं खाली ठेवलं आणि मला विचारलं, 'कोणती बॅच?' लातुरात सगळं बॅचवर मोजतात. म्हटलं, '२००३ ची बारावी.' 'मग तुमच्या टायमाला चिमट्यावर मीच होतो.'

मी त्यांचे हात बघितले. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली आणि तर्जनीच्या मुळाशी गुळगुळीत, चकचकीत कातडी होती, केस नसलेली. वर्षानुवर्षं तापलेल्या चिमट्याची, म्हणजे सँडविच भाजायच्या हाताच्या टोस्टरची, दांडी जिथं धरायची बरोबर तिथं. त्या हातानं भाजलेली किती सँडविचं मी खाल्ली असतील, शंभराच्या घरात तरी असतील.

चटणीचं विचारल्यावर मात्र ते थांबले. 'ते नाही सांगणार ताई. मालकाचं मीठ खाल्लंय.' मी पुन्हा विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका आणि पैसे तर मुळीच पुढं करू नका, कुणाचा शब्द पैशानं मोडायला लावू नये. मी दुसरी प्लेट पोहे घेतले. गिऱ्हाईक कमी झाल्यावर ते आपणहून म्हणाले, 'एवढं सांगतो. सकाळी केलेली चटणी त्या दिवशी कधी वापरली नाही. रात्रीच करून ठेवायची.'

या एका वाक्यात सगळं सुटलं. कोथिंबिरीचा हिरवा रंग आंबटात टिकत नाही. आंबट पदार्थाच्या सान्निध्यात तास गेले की हिरव्याचा शेवाळी होतो, चिंच असेल तर तिचा तपकिरी रंगही त्यात मिसळतो. म्हणून ओढणीवर शेवाळी डाग. आणि डाळवं घालून वाटलेली चटणी रात्रभर ठेवली की डाळवं पाणी पिऊन फुगतं, चटणी घट्ट होते, ब्रेड भिजत नाही. त्या दुकानात इतकी वर्षं ब्रेड कुरकुरीत का निघायचा ते मला औसा रोडवर उभ्याउभ्या कळलं.

आता सँडविच

चार सँडविचांचं प्रमाण सांगते. चटणी आदल्या रात्री करायची आहे, तेव्हा शनिवारी रात्री सुरुवात करा.

हिरव्या चटणीला एक मोठी जुडी कोथिंबीर, निवडून साधारण शंभर ग्रॅम भरावी. कोवळे देठ काढू नका, वास त्यांच्यातच जास्त असतो. लातूर जिल्ह्यातली कास्ती कोथिंबीर मिळाली तर तीच घ्या. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याकडं तिच्या वासाची ख्याती त्याआधीपासूनच आहे. पिशवीतून घरी आणली तर जिन्यात कळतं. सोबत मूठभर पुदिना, पाच-सहा हिरव्या मिरच्या, चार पाकळ्या लसूण, अर्ध्या बोटाएवढं आलं, अर्धा चमचा जिरं, दोन मोठे चमचे डाळवं, मीठ. चिंच लिंबाच्या निम्म्या आकाराची, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ काढा. तिलाही त्याच वर्षी मानांकन मिळालंय, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला. कोळ गाळणीनं गाळू नका, हातानं चोळून चिंचोके आणि टरफल तेवढं काढा. त्या रेषा राहू द्या.

वाटताना पाणी थंड घ्या, दोन बर्फाचे खडे टाकलेत तर उत्तम. मिक्सरचं पातं फिरून भांडं तापतं आणि तापलेल्या पानाचा वास उडून जातो. थांबून थांबून वाटा. चटणी सुरुवातीला थोडी पातळ वाटली तरी चालेल, सकाळपर्यंत घट्ट होईल. काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवसांत संपवा.

शेंगाची चटणी हा या सँडविचचा जीव आहे, तिथं घाई करू नका. एक वाटी शेंगादाणे मंद आचेवर भाजा. काळे पडलेले, सुरकुतलेले, खवट दाणे आधीच निवडून टाका, एक खवट दाणा सगळी चटणी बिघडवतो. साल तडकून दाण्याला खाली बदामी डाग दिसले की उतरवा. गार करून साल काढा. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, आणि ते तेल सुटण्यातच या चटणीची गंमत आहे. म्हणून खलबत्ता काढा. आधी दहा-बारा पाकळ्या गावरान लसूण, चमचाभर जिरं आणि मीठ कुटा, मग दोन चमचे लाल तिखट, मग दाणे थोडे थोडे. दोन-तीन मिनिटांनी कुटण्याचा आवाज बदलतो. कोरडा टकटक आवाज जाऊन बत्ता चिकटायला लागतो. बोटांत धरून दाबली तर गोळी व्हावी आणि पुन्हा चुरली तर सुटावी, तिथं थांबा. मिक्सरमध्ये करायचीच असेल तर बटण क्षणभर दाबा, सोडा, क्षणभर दाबा, सोडा. सलग फिरवलं तर एकतर पीठ होतं नाहीतर लोणी, आणि दोन्ही या सँडविचला चालत नाही.

आलूची ती पिवळी कड. ती मी तीनदा चुकले. अख्खे आलू सालीसकट उकडून हळदीचं पाणी लावून बघितलं, हळद परतून लावून बघितली, चकतीवर भुरभुरून बघितली. कड येईना, कुठं सगळीच चकती पिवळी, कुठं नुसते ठिपके. मग लक्षात आलं: कड म्हणजे बाहेरून आत शिरलेला रंग. आलू आधी सोलून, अर्धे करून, हळद-मिठाच्या पाण्यात उकडले असणार. तसं केलं आणि पहिल्याच चकतीला ती कड दिसली, नखाएवढ्या जाडीची, आणि मधे पांढरं. मी सुरी हातात धरून तशीच उभी राहिले. सोळा-सतरा वर्षांनी एखादी ओळखीची व्यक्ती दारात दिसावी तसं झालं.

तेव्हा तीन मध्यम आलू सोला, अर्धे करा, पाण्यात दीड चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद घालून बारा-पंधरा मिनिटं उकडा. सुरीचं टोक सहज जावं पण आलू फुटू नये. निथळून ताटात उघडे ठेवा, दोन तास तरी. गार झालेला आलू घट्ट होतो, मग चकती पातळ आणि अख्खी निघते. गरम चिरलात तर भाजी होईल. मिठाच्या पाण्यात उकडलेत म्हणून वरून मीठ घालू नका, बटरमध्येही असतं.

कांद्याचं उत्तर सोपं निघालं. पातळ गोल चकत्या करून त्यांवर चिमूटभर मीठ टाकून दहा मिनिटं ठेवा, मग थंड पाण्यात बुचकळून कपड्यानं कोरड्या करा. झोंबणं जातं, कुरकुर राहते.

ब्रेड मोठा, साधा पांढरा, आदल्या दिवशीचा. ताजा ब्रेड चिमट्यात दबून पोळीसारखा होतो. पण 'आदल्या दिवशीचा' म्हणजे फ्रिजमधला नव्हे. फ्रिजच्या थंडीत ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि कडक होतो, त्यातला स्टार्च थंडाव्यात भरभर घट्ट होतो म्हणून. पुडक्याचं तोंड बांधून ओट्यावर ठेवा. एप्रिल-मेमध्ये लातूरच्या उन्हात मात्र बुरशी लवकर धरते, तेव्हा वास घेऊन, नीट बघून वापरा.

लावण्याचा क्रम सांभाळा. आधी मऊ केलेलं मिठाचं बटर, दोन्ही स्लाइसना आतून, अगदी कडेपर्यंत. हा बटरचा थर चटणीचं पाणी ब्रेडमध्ये शिरू देत नाही, कडेला जिथं बटर लागलं नाही तिथून ब्रेड ओला होतो. त्यावर खालच्या स्लाइसला हिरवी चटणी, भरपूर. मग आलू, एकमेकांवर न चढवता. मग कांदा. मग शेंगाची चटणी, दीड चमचा, हातानं भुरभुरून, आणि बोटांनी हलकेच दाबून. वरच्या स्लाइसला हिरवी चटणी लावू नका. शेंगाची चटणी थेट बटरला चिकटली पाहिजे. मी उलट क्रमानं करून बघितलं, दाणा ओला होऊन त्याची चव मरते.

भाजायला अॅल्युमिनियमचा हाताचा टोस्टर, ज्याला सगळे चिमटा म्हणतात, तोच घ्या. मी आधी विजेच्या सँडविच मेकरमध्ये केलं होतं. रंग छान आला, पण ब्रेडचा वरचा पापुद्रा तेवढा कडक आणि आत मऊ राहिला, उचलला की वाकला. चिमटा आधी दोन्ही बाजूंनी रिकामा तापवा, बाहेरून बटर लावा, सँडविच ठेवून घट्ट बंद करा, बाहेर आलेली कड सुरीनं कापा. मध्यम आचेवर एका बाजूनं दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूनं दोन मिनिटं. मग आच बारीक करून दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट.

घड्याळापेक्षा कानावर विसंबा. सुरुवातीला चिमट्यातून फसफस आवाज येतो. ते ब्रेडमधलं पाणी उडत असतं. पाणी आहे तोवर ब्रेडचं तापमान चढत नाही आणि तो लाल होत नाही. फसफस बारीक होत गेली की आता रंग धरतोय असं समजा. आवाज थांबून खमंग वास आला की उघडा. मध्येच चार वेळा उघडून बघू नका, वाफ बाहेर येऊन वरच्या ब्रेडवर बसते.

कापताना सुरी ओढू नका, वरून एकदम दाबा. दोन वेळा, चार त्रिकोण. कर्रर्र आवाज आला पाहिजे. लाल पाटीत सुरी पडली की पुढच्या बाकड्यावरची पोरंही मान वळवायची, तोच हा आवाज. कापल्यावर अर्धा मिनिट थांबा. मिरची उभी चिरून तेलात परतायची, वरून मीठ. वर्तमानपत्रावर मात्र वाढू नका. शाईतलं बरंच काही तेलातून अन्नात उतरतं, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानंही ते टाळायला सांगितलंय. मी बटर पेपर चौकोनी कापून घेते. तेवढा फरक मी समजून-उमजून केलाय.

जुळलं की नाही, कसं ओळखायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला. डाळवं कमी केलंत तर त्या दिवशी मिरची तीच ठेवा. वहीत तारीख घाला, बदल लिहा, खाणाऱ्यानं काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. पूर्ण सँडविच करायची गरज नाही, अर्ध्या ब्रेडवर कळतं.

फरक खरंच पडतोय की आपल्याला वाटतोय, याला एक चांगली चाचणी आहे, खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतही वापरतात. तीन तुकडे ठेवा. दोन एकाच प्रकारचे, तिसरा वेगळा. खाणाऱ्याला कुठला कुठला ते सांगू नका, 'यातला वेगळा कोणता' एवढंच विचारा. मी माझ्या भावावर केली, तोही लाल पाटीत वाढलेला. सकाळच्या चटणीचा एक तुकडा, रात्रीच्या चटणीचे दोन. चारही वेळा त्यानं सकाळचा बरोबर उचलला. गाजर घातलेलं सँडविच आणि साधं, यात मात्र तो चारपैकी दोनदा चुकला, मग मी गाजराचा नाद सोडून दिला.

ज्यानं ते कधी खाल्लं नाही अशालाही एकदा द्या. तो आठवणीत खात नाही, समोर आहे ते खातो. माझ्या शेजारच्या वहिनींनी एका घासात सांगितलं, 'मीठ जास्त झालंय.' मला ते सहा वेळा कळलं नव्हतं.

आणि भूक. भरल्या पोटी चाखू नका. आम्ही ते सँडविच दुपारच्या मेसनंतर सहा-सात तासांनी, टेस्टचा निकाल डोक्यात घेऊन, चालत जाऊन खायचो. रविवारी, संध्याकाळी साडेसातला, थोडं चालून येऊन खाऊन बघा. मी बुधवारी दुपारी केलेलं सँडविच आणि रविवारी संध्याकाळी केलेलं, प्रमाण तंतोतंत तेच, तरी वहीत दोघांपुढं वेगळे शेरे आहेत.

अण्णांचं अर्धं

अकरावीत असताना एकदा अण्णा उदगीरहून एसटीनं डबा घेऊन आले होते. रविवार होता, त्यांना मी लाल पाटीत नेलं. आमच्याकडं ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं, तापात दुधात बुडवून द्यायचं. अण्णांनी कागद पुढं ओढला, एक त्रिकोण उचलला, वास घेतला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. मग म्हणाले, 'ही तर आपल्या घरची चटणी हाय की गं.' उरलेले दोन माझ्याकडं सरकवले आणि माझ्या सँडविचच्या पैशांसकट चोवीस रुपये मोजून दिले. त्या दिवसानंतर घरून डब्यात शेंगाची चटणी दुप्पट यायला लागली.

अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात मी उदगीरला जाताना चिमटा पिशवीत घातला, चटणीची बरणी बर्फात ठेवली, ब्रेड तिथंच घेतला. वहीतला हा चौदावा प्रयत्न. रविवार होता. अण्णांना कवळी आहे, म्हणून कड जास्त कापली आणि आच शेवटचा एक मिनिट कमी ठेवली. त्यांनी त्रिकोण उचलला, नाकाजवळ नेला, खाल्ला. बराच वेळ चावत होते.

'तीच हाय,' म्हणाले. मग थोडं थांबून, 'पण मिरची कमी हाय.'

वहीत लिहिलंय. पुढच्या शनिवारी चटणीत सात मिरच्या घालणार आहे.